वाचकांचे प्रश्न : कैद्यांच्या केंद्राची जागा आणि शेजाऱ्यांचे म्हणणे

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात राहते. तिच्या घराजवळ कैद्यांसाठी 'वर्क रिलीज' केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिला लेखी सूचना मिळाली आणि जाहीर सुनावणीत बोलताही आले. उद्या असे केंद्र सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीजवळ करायचे ठरले, तर आम्हा रहिवाशांना कोणी विचारेल का? आणि विचारलेच, तर आम्ही विरोध करावा का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : शिक्षेच्या अखेरच्या काळात कैद्याने दिवसा बाहेर नोकरी करायची आणि काम संपले की देखरेखीखालच्या केंद्रात परतायचे, अशी ही व्यवस्था आहे. वॉशिंग्टनच्या कायद्यानुसार विचाराधीन जागा तीन किंवा त्याहून कमी उरल्या की त्या प्रत्येक ठिकाणी सुनावणी घ्यावी लागते, निवडलेल्या जागी ती पुन्हा घ्यावी लागते आणि अर्ध्या मैलाच्या, म्हणजे सुमारे ८०० मीटरच्या परिघातील रहिवाशांना व मालमत्ताधारकांना लेखी कळवावे लागते. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळ. पर्याय खुले असतानाच लोकांना विचारले जाते.

आपल्याकडे कारागृहे हा राज्याचा विषय आहे आणि अशा केंद्रासाठी शेजाऱ्यांची सुनावणी घेण्याची वॉशिंग्टनसारखी सक्ती नाही. मात्र जागेचे आरक्षण बदलावे लागणार असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. जागा शासनाची असून बांधकामही शासनच करणार असेल, तर कलम ५८ नुसार किमान ३० दिवस आधी नियोजन प्राधिकरणाला कळवावे लागते. ते प्राधिकरण आक्षेप घेऊ शकते, पण शेजारच्या घराला पत्र येत नाही. ही उणीव मला गंभीर वाटते.

आता विरोधाविषयी. केवळ 'आमच्या वस्तीत नको' एवढ्यासाठी विरोध करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह आणि त्याच्याभोवतीची जेल रोडची दाट वस्ती आपण रोज पाहतो. जयपूरजवळ सांगानेर येथील खुल्या कारागृहातले बंदी १९६३ पासून कुटुंबासह राहतात, कामासाठी शहरात जातात आणि संध्याकाळच्या हजेरीला परततात. शिवाय शिक्षा संपली की माणूस बाहेर येणारच असतो. हाताला काम आणि गाठीला थोडी बचत घेऊन यावा की रिकाम्या हातांनी, एवढाच प्रश्न उरतो. हे केंद्र कारखाने आणि बस यांच्यापासून लांब नेले, तर त्याचा हेतूच बुडतो. ज्या वस्तीचा आवाज मोठा ती वस्ती ते टाळते आणि शेवटी ते ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांच्या दारात जाते, हा अन्यायही विरोध करण्यापूर्वी लक्षात घ्यावा.

तरीही आपली भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. दुसरी पाळी संपवून रात्री घरी परतणाऱ्या स्त्रियांना आणि शाळकरी मुलांच्या पालकांना उत्तरे मिळालीच पाहिजेत. कोणत्या गुन्ह्यांतील बंदी येथे येतील, एका वेळी किती जण राहतील, परतण्याच्या वेळेची नोंद कोण ठेवेल, एखादा परतला नाही तर पोलिसांना किती वेळात कळवले जाईल, हे लेखी मागावे. सातपूर-अंबडसाठी आणखी एक प्रश्न कळीचा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही: या बंद्यांना मजुरी कोणत्या दराने मिळणार? ती इतर कामगारांपेक्षा कमी ठेवली, तर कंत्राटी कामगाराची रोजी जाईल आणि त्याचा राग बंद्यांवर निघेल. म्हणून रहिवाशांइतकेच कामगार संघटनांनाही पहिल्या बैठकीपासून बोलवावे. केंद्र सुरू झाल्यावर कारागृह प्रशासन, पोलीस, रहिवासी आणि कामगार यांची समिती नियमित भेटावी, ही अटही मान्य करून घ्यावी.

यासाठी प्रस्ताव येण्याची वाट पाहू नये. प्रभाग समितीकडे लेखी निवेदन द्यावे आणि अशा केंद्राच्या परिघातील प्रत्येक घराला आगाऊ सूचना देण्याची तरतूद राज्याच्या नियमांत व्हावी, अशी मागणी आपल्या आमदारांकडे आताच करावी.