चेंडू आपल्याकडे, पण संधी नाही: सरावात काय बदलावे

आपला १५ वर्षांखालील फुटबॉल संघ चेंडू बराच वेळ राखतो, पण समोरच्या गोलपुढच्या बॉक्सजवळ पोहोचला की उंच क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर उंच पास, टाकण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही, असे आपण लिहिले आहे. या वयात मुलांच्या उंचीत फार फरक असतो. समोरचा एखादा उंच बचावपटू असे सगळे क्रॉस डोक्याने परतवतो आणि बोल मात्र आपल्या स्ट्रायकरला, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणाऱ्याला, लागतो. माझ्या मते दोष त्याचा नाही. मी आपल्या जागी असतो, तर महिनाभर कटबॅकच घोटून घेतला असता, म्हणजे गोलरेषेपर्यंत चेंडू नेऊन तो जमिनीलगत मागे देणे.

प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांच्या मँचेस्टर सिटीने २०१७-१८ च्या इंग्लंडमधील प्रीमियर लीगमध्ये १०० गुण मिळवले आणि १०६ गोल केले. त्या मोसमातील सामने मुलांना दाखवा, पण त्यांची नजर चेंडूवरून काढून डाव्या कडेच्या लिरॉय सानेवर ठेवा. तो रेषा धरून संयमाने उभा राहतो, म्हणून फुलबॅक (कडेचा बचावपटू) त्याच्याकडे ओढला जातो आणि फुलबॅक व सेंटरबॅक (मधला बचावपटू) यांच्यात फट पडते. त्या फटीतून चेंडू गोलरेषेजवळ गेला, की बचावपटू स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावू लागतात. चेंडू आणि पाठीमागून येणारा खेळाडू त्यांना एकाच वेळी दिसत नाहीत. शिवाय पास घेणारा चेंडूच्या मागे असेल, तर ऑफसाइडचा, म्हणजे पास देताना बचावफळीच्या पलीकडे असल्याच्या चुकीचा, प्रश्नच उरत नाही.

अडचण येते ती धावण्याच्या वेळेची. माझ्या संघातही सुरुवातीला तिघेही मुलगे गोलरक्षकासमोरच्या ५.५ मीटरच्या चौकटीत घुसायचे आणि ११ मीटरवरचा पेनल्टीचा ठिपका ओस पडायचा. मग मी त्या ठिपक्याच्या दोन पावले मागे सरावाचा एक प्लास्टिकचा शंकू ठेवला आणि एकाने तिथेच थांबायचे ठरवून दिले. कडेने चेंडू नेणाऱ्या विंगरने पाससाठी मान वर केली, की मगच त्याने निघायचे. पहिले दोन आठवडे तो रोज लवकर निघत असे, आणि चेंडू त्याच्या टाचेमागून जात असे.

सहाविरुद्ध पाच असा खेळ अर्ध्या मैदानात लावा आणि कटबॅकवरचा गोल दुप्पट धरा. उंच क्रॉसवर बंदी मात्र घालू नका, कारण बचावपटूंना दोन्हींची धास्ती असेल तरच तो ठिपका मोकळा राहतो.