फिटच्या गोळ्या चुकून दुप्पट गेल्या आणि प्लेटलेट उतरल्या, तर गोळ्या बंद कराव्यात का?

स्वतःहून एकदम बंद करू नका. त्या गोळ्यांतलं औषध, व्हॅल्प्रोएट, झटक्यात थांबवलं तर फिटवर फिट येऊ शकते, आणि प्लेटलेट कमी असताना पडून डोक्याला मार लागणं फार वाईट. पण दुप्पट डोसही चालू ठेवायचा नाही. पुढची गोळी द्यायच्या आधी, आजच, डॉक्टरांना फोन करा.

तुम्ही लिहिलंय की भावाला दोन ठिकाणांहून वेगवेगळ्या नावांची पाकिटं मिळाली, दोन्हींत औषध एकच, आणि ती दोन्ही सुरू राहिली. आता पोटऱ्यांवर लाल ठिपके, प्लेटलेट ५२ हजार, ताप नाही, डेंग्यू निगेटिव्ह.

मी कणकवलीकडे लॅबमध्ये काम करते. पावसात असा रिपोर्ट आला की आमच्याकडे सगळ्यांच्या मनात आधी डेंग्यू, नाहीतर लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा ताप). लावणीच्या चिखलात उभं राहणाऱ्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण त्या गडबडीत फिटच्या गोळ्यांचं कोणी सांगतच नाही, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. ठिपक्यांवर अंगठा दाबून बघा. लाली जात नसेल तर ते त्वचेखाली झिरपलेलं रक्त आहे.

व्हॅल्प्रोएटचं रक्तातलं प्रमाण साधारण ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. बायकांत ११० आणि पुरुषांत १३५ च्या वर गेलं की प्लेटलेट उतरण्याची शक्यता बरीच वाढते. उरलेल्या प्लेटलेटचं कामही बिघडू शकतं, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन घटू शकतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीबीसीबरोबर (रक्तपेशींची मोजणी) औषधाची लेव्हल, लिव्हरच्या तपासण्या आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) करायचं का, हे विचारा. (एखाद्याने एकदम खूप गोळ्या घेतल्या असतील तर पेशी तीन-पाच दिवसांनीही उतरतात. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी सीबीसी पुन्हा करावी लागते.)

कार्बामाझेपिन या फिटच्या दुसऱ्या औषधामुळे क्वचित हाडांतली मज्जाच रक्त बनवायचं थांबवते, ते मात्र नेहमीच्या डोसवरही होऊ शकतं. तुमच्या भावाचं तसं दिसत नाही. डोस कमी केल्यावर प्लेटलेट बहुतेकदा वर येतात.

तोवर अंगदुखीला ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन नको. नाकातून रक्त थांबेना, शौच काळी झाली, डोकं खूप दुखलं किंवा तो गुंगीत जायला लागला, तर १०८ ला फोन करा. जाताना दोन्ही पाकिटं बरोबर न्या, रिकामी असली तरी.