सीएचबीवाल्यांचे प्रश्न : आधी कागद दाखवा

सेवाविषयक खटले चालवतो म्हणून दर एप्रिलला तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी, म्हणजे क्लॉक अवर बेसिस) प्राध्यापकांची तीच पाच-सहा कोडी माझ्याकडे येतात. यंदा एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आहे, पीएचडी नाही. सहायक प्राध्यापकासाठी अर्ज चालेल?

चालेल. 1 जुलै 2023 पासून पीएचडी ऐच्छिक आहे.

प्रश्न : सहा वर्षं सीएचबीवर आहे. वर्गात रमतो, पण स्टाफरूममध्ये बसवत नाही. माझंच काही चुकतंय का?

नाही. शेजारच्या खुर्चीतले सर तोच पेपर शिकवून महिन्याचा पगार घेतात. तुमचं बिल तासिका मोजून होतं, दिवाळीची सुट्टी बिनपगारी जाते, आणि ते बिल कधी निघेल हे प्राचार्यांनाही ठाऊक नसतं. अशात मन कसं लागणार? मात्र झोप उडाली असेल तर समुपदेशकाकडे जा. त्यावर वकिलाकडे औषध नाही.

प्रश्न : दहा वर्षं झाली की आपोआप कायम करतात म्हणे?

कोण म्हणे? सर्वोच्च न्यायालयाच्या 10 एप्रिल 2006 च्या उमादेवी निकालात दहा वर्षांचा उल्लेख आहे, पण तो मंजूर पदांवर तेव्हा तितकी सेवा झालेल्यांना एकदाच द्यायच्या सवलतीपुरता. वावडी तिथूनच उठली. अलीकडचे काही निकाल उदार आहेत, पण तुमचं प्रकरण त्यांत बसतं का ते तपासून घ्या.

प्रश्न : सीएचबीचा अनुभव पुढे नेमणूक-बढतीसाठी धरतात का?

इथे जरा बसा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत अतिथी व्याख्याता म्हणून केलेली सेवा धरत नाहीत. इतर तात्पुरती वा कंत्राटी सेवा धरतात, पण पात्रता पूर्ण हवी, नेमणूक रीतसर निवड समितीकडून हवी आणि मानधन कायम शिक्षकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नको. सीएचबीवाला बहुधा या शेवटच्या अटीवर अडकतो. मुलाखतीआधीच्या छाननीत मात्र अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला 2, जास्तीत जास्त 10 गुण असतात, आणि भांडण तिथे पेटतं.

भांडायला कागद लागतो! माझ्याकडे एक जण नऊ वर्षांच्या सेवेचा पुरावा म्हणून दोन आयकार्डं आणि स्नेहसंमेलनाचे फोटो घेऊन आले. सोबतच्या एकुलत्या नेमणूक आदेशावर जावक क्रमांकच नव्हता. नेमणुकीला मिळालेली विद्यापीठाची मान्यता मागितली, तर म्हणाले, 'क्लार्क जूनमध्ये देतो म्हणालेत.' कोणत्या सालच्या जूनमध्ये, ते मी विचारलं नाही. आदेश, मान्यता, वेळापत्रक, बिलाची प्रत हे सगळं त्या-त्या वर्षीच घ्या. क्लार्क टाळत असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्राचार्य बदलले की जुनं मस्टर सापडत नाही.

प्रश्न : संस्थेचा माणूस कायम जागेसाठी रक्कम सांगतो. द्यावी का?

नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो.

प्रश्न : गुजरातच्या निकालामुळे आम्हालाही पूर्ण पगार मिळेल?

22 ऑगस्ट 2025 चा तो निकाल महिना 30,000 रुपयांवर काम करणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नियमित पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं. तासिकेवाल्यांनाही तो जसाच्या तसा लागू, असं छातीठोक सांगणारी रील पाहून अर्ज करू नका. तुमचा नेमणूक आदेश घेऊन वकिलाला भेटा. मूळ प्रत न्या, मोबाइलमधला फोटो नको.