पत्ता फोंड्याचा म्हणून पगार कमी?

प्रश्न : पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम मी फोंड्यातील आमच्या घरातून करते. गोव्यात राहणे स्वस्त पडते, असे सांगून कंपनी आता माझा पगार १५ टक्क्यांनी कमी करणार आहे. तेच काम करणाऱ्या पुण्यातील सहकाऱ्यांचा पगार मात्र कायम आहे. हे योग्य आहे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : माझ्या मते हे अन्यायाचे आहे. आपण केलेल्या कामाचे पैसे कंपनी ग्राहकाकडून घेते, तेव्हा ते काम फोंड्यात झाले म्हणून बिलाची रक्कम घटत नाही. मग मोबदला देतानाच आपला पत्ता का पाहावा?

राहण्याच्या खर्चातील फरक मोजायचाच असेल, तर केंद्र सरकारची पद्धत पाहावी. तेथे एका पदाचे मूळ वेतन देशभर सारखेच असते आणि फरक घरभाडे भत्त्यात केला जातो. शहरांच्या एक्स, वाय व झेड या वर्गांसाठी जानेवारी २०२४ पासून हा भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० व १० टक्के आहे. पुणे एक्स वर्गात मोडते, तर गोव्याला विशेष आदेशाने वाय वर्गाचा दर मिळतो. म्हणजे या हिशेबाने पुणे व गोवा यांतील फरक मूळ वेतनाच्या १० टक्के भरतो. मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्मे धरले, तर तो एकूण पगाराच्या ५ टक्केच होतो. आपली कंपनी त्याच्या तिप्पट कापू पाहत आहे!

शिवाय पावसाळ्यात वीज गेली तरी मीटिंग तुटू नये म्हणून इन्व्हर्टर, त्याची बॅटरी आणि इंटरनेटची दुसरी जोडणी यांचा खर्च घरून काम करणाऱ्यालाच करावा लागतो. कार्यालयात हाच भार कंपनी उचलते.

स्थानिक बाजारभावाचा मुद्दा नव्या नेमणुकीच्या वेळी एक वेळ मांडता येईल. ठरलेला पगार मागाहून उतरवण्यास तो पुरेसा नाही. नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण आणि पगारातील बदल यांविषयी काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. तडजोड करावीच लागली, तर ती घरभाडे भत्त्यापुरती ठेवावी, मूळ वेतनाला हात लावू देऊ नये. कारण ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ वेतनावर ठरते, आणि भविष्य निर्वाह निधीची कपात पूर्ण मूळ वेतनावर होत असेल, तर कंपनीचा वाटाही घटतो. १५ टक्के हा आकडा कसा काढला, याचा हिशेब कंपनीकडे ईमेलने मागावा आणि तो मिळेपर्यंत सुधारित पगारपत्रावर सही करू नये.