आत्मत्याग की इन्कार?

प्रश्न : ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही मांसाहार सोडतो. त्याला आत्मत्याग म्हणता येईल, की आत्मसंयम म्हणावं?

उत्तर : आत्मत्याग मुळीच नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून 'यंदा मी चहाचा आत्मत्याग केलाय' हे वाक्य सुरू होतं आणि ईस्टरपर्यंत कानाला टोचत राहतं. चहा सोडला तर तो चहाचा त्याग. आत्मत्यागात सोडायचं ते स्वतःला. आत्मसंयम हा शब्द चालेल, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पण मुळात 'आत्मत्याग' हाच शब्द मला पटत नाही. ज्याला माझ्यामागे यायचं आहे त्याने आत्मत्याग करावा आणि दररोज आपला वधस्तंभ उचलावा, असं येशू बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (9:23) सांगतो. ('दररोज' एकट्या लूककडे आहे, मत्तय-मार्कच्या शुभवर्तमानांत नाही.) आपल्याकडे त्याग करणारा मागे उरतो, शिवाय त्यागी म्हणून त्याचा मान वाढतो. लूकचा मूळ ग्रीक शब्द आहे अर्नेओमाइ, म्हणजे नाकारणं, ओळख न देणं. लूक हेच क्रियापद 22:57 मध्ये पुन्हा वापरतो. येशूला पकडून महायाजकाच्या वाड्यात आणलंय, अंगणात विस्तव पेटलाय, येशूचा शिष्य पेत्र तिथे बसलाय. एक दासी त्या उजेडात त्याला निरखून बघते आणि म्हणते, हाही त्याच्याबरोबर होता. पेत्र म्हणतो, बाई, मी त्याला ओळखत नाही. जे पेत्र येशूबद्दल बोलला, तेच शिष्याने स्वतःबद्दल बोलायचं. हे नातं जर्मन धर्मपंडित बोनहोफर यांनी नेमकं दाखवलं होतं. 1945 मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिली.

या अर्थाला मराठीत अगदी चपखल शब्द पडून आहे : इन्कार. 'इन्कार म्हणजे नकाराचंच बिघडलेलं रूप' असं ठासून सांगणारे भेटतात. साफ चूक! नकार आपला संस्कृत, न + कार. हुंकार, ओंकार, अहंकार यांच्या रांगेतला. इन्कार अरबी, धातू न-क-र, आणि त्याच्या मुळाशी आहे 'न ओळखणं'. अरबी व्याकरणात अनिश्चित, म्हणजे ओळख न पटलेल्या नामाला नकिरा म्हणतात, निश्चित, ओळखीच्या नामाला मारिफा. मारिफाच्या कुळातला 'मार्फत' आपण रोज वापरतो. त्याचं मूळ ओळख, जाण. म्हणजे मार्फत आणि इन्कार ही मुळात विरुद्ध टोकं. हिब्रूतही न-क-र आहेच, नोक्री म्हणजे परका. आणि बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातलं 42:7 तर वाचावंच : दुष्काळात धान्यासाठी मिसरात आलेल्या भावांना योसेफ ओळखतो आणि त्यांच्याशी परक्यासारखा वागतो. 'ओळखलं' आणि 'परका झाला' ही दोन्ही क्रियापदं तिथे याच तीन व्यंजनांतून आली आहेत. ओळखायचं आणि तरीही ओळख द्यायची नाही! स्वतःशी असं वागणं किती अवघड, ते त्या एका वाक्यात आहे.

याची किंमत मोजलेली माणसं आपल्याकडे आहेत. नारायण वामन टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षं दूर राहिल्या. पण तो इतरांनी त्यांचा केलेला इन्कार. स्वतःचा इन्कार मला दिसतो तो 1917 मध्ये, मिशनची पगारी नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले तेव्हा. तोवर कवी म्हणून नाव झालं होतं, संसार होता, वय पन्नाशी ओलांडलेलं. त्या वयात मिळवलेली ओळख बाजूला सारणं आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेच करणं, याला नुसता 'त्याग' हा शब्द अपुरा पडतो.

इन्कार परका शब्द आहे, प्रार्थनेत शोभणार नाही, हा आक्षेप मी मानत नाही. बाप्तिस्मा ग्रीक आहे, पाद्री पोर्तुगीज आहे, वसईकर ख्रिस्ती लोकांचा क्रूस (वधस्तंभ) हाही पोर्तुगीजांकडूनच आलेला. 'त्याने स्वतःचा इन्कार करावा' हे वेदीवरून एकदा मोठ्याने वाचून बघा.