गोळी तीच, फक्त कंपनी बदलली, मग आता चक्कर काहून?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माह्या लहान भावाले फिट येत होत्या, फेनिटोईनची १०० ची गोळी सुरू झाली तवापासून बंद होत्या. दिवाळीनंतर मेडिकलमधे नेहमीची कंपनी भेटली नाही तं दुकानदारानं दुसरी देल्ली, म्हणे सेमच आहे. आता त्याले चक्कर येते, चालतानी झोकांड्या जातात, लोकं म्हणतात पिऊन आला, तो पेतच नाही जी. गोळी बंद करू का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, बंद अजिबात करू नका, ही गोळी एकदम सोडली की फिटवर फिट येऊ शकते. पण उद्यावरही टाकू नका, कारण प्यायल्यासारखं चालणं, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं ही रक्तात फेनिटोईन जास्त झाल्याची लक्षणं असतात. उलट्या होत असतील किंवा उभंच राहवत नसेल तर आजच दवाखान्यात न्या.

दुकानदार खोटं बोलला नाही, औषध तेच आहे आणि गोळी नकली असेलच असंही नाही. पण फेनिटोईन मोठं हट्टी औषध, लिव्हर ते एका मर्यादेपर्यंतच निपटवते, त्यापुढे जरासं जास्त शोषलं गेलं तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅप्सूलमधली नुसती भरायची पावडर बदलली, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज घातलं, औषध तेवढंच, तरी कितीतरी पेशंटना हाच त्रास झाला.

जुनी-नवी दोन्ही पत्ती घेऊन डॉक्टरकडे जा. मिलिग्रॅम तेच आहे ना, साधी गोळी की हळूहळू विरघळणारी, हे ते बघतील. मधल्या काळात टीबीची आयसोनियाझिड किंवा गजकर्णासाठी फ्लुकोनाझोल सुरू झाली असेल तर तेही सांगा, त्यांनीही लेव्हल वाढते. सकाळच्या गोळीच्या आधी रक्त देऊन फेनिटोईन लेव्हल करा, साधारण १० ते २० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे. डोस कमी-जास्त डॉक्टरच करतील, घरी गोळी अर्धी करू नका.

तोवर गाडी नको, विहिरीवर एकटं नको, आणि रानडुकरांसाठी जागलीला तर पाठवूच नका, जागरणानं फिट येते.

पुढे कंपनी एकच ठेवा, कोणती ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि पत्ती संपायच्या आठवडाभर आधीच दुकानदाराला मागवायला सांगा. औषधाच्या त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर करता येते.