धुळ्यात राहून घरच्या तव्यावर स्टेक करायचा तर मटण कोणतं घ्यावं? माझं चिवट का होतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एका हॉटेलात स्टेक खाल्ला, तसा घरी करायला एक किलो मटण आणलं, पैसे गेले आणि खाताना जबडा दुखला. मटण विकत घेण्यापासूनच सांगतो, कारण तुमची अडचण मला तव्याआधी दुकानात दिसते.

स्टेक म्हणजे तव्यावर भाजलेला मांसाचा जाड तुकडा, मूळचा गाय-बैलाच्या मांसाचा. आपल्या राज्यात गाईची कत्तल आधीपासून बंद होतीच, 2015 पासून बैल आणि वळूचीही बंद आहे. म्हणून मी बोकडाच्या मटणाबद्दलच लिहितो. त्याचाही उत्तम होतो, फक्त भाग ओळखून घ्यावा लागतो.

आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत मटणाला एकच भाव असतो. मान घ्या, सीना म्हणजे छाती घ्या, चाप म्हणजे पाठीलगतच्या फासळ्यांचा भाग घ्या, किलोचा दर तोच. बाहेरच्या देशांत पाठीच्या मऊ भागाला जास्तीचे पैसे मोजावे लागतात, आपल्याला तो त्याच भावात मिळतो. पण मागितला तर! तुम्ही नुसतं 'एक किलो द्या' म्हणालात की खाटीकभाऊ सगळीकडचं थोडं थोडं मिक्स देतो. रश्श्याला ते फार छान, तव्यावर मात्र त्यातले निम्मे तुकडे चिवटच राहणार. बोनलेसच्या मागे लागू नका, तिथे भाव वाढतो आणि हाडालगतची चवही जाते.

रविवारी जाऊ नका. रविवारी गर्दीत त्याला तुमच्यासाठी थांबायला वेळ नसतो. बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी लवकर जा, बोकड टांगलेला असतानाच. लहान बोकड बघा, चरबी पांढरी आणि घट्ट, मांस गुलाबीसर लाल, फासळ्या बारीक. चरबी पिवळट आणि मांस काळपट असेल तर ते जून जनावर, ते रश्श्यालाच बरं. मग सांगा, 'भाऊ, चाप द्या, पण एकेक फासळी तोडू नका, दोन-दोन फासळ्यांचा एक तुकडा ठेवा.' हे वाक्य महत्त्वाचं आहे. एका फासळीचा चाप इतका पातळ असतो की बाहेरून लाल होईपर्यंत आतून कोरडा पडतो. दोन फासळ्यांचा इंचभर जाड निघतो आणि त्यात रस टिकतो. पाठीचा भाग मऊ का, तर त्या स्नायूंना चालण्याचं काम कमी. पाय, खांदा, मान दिवसभर राबतात, म्हणून ते भाग कडक.

आता चिवटपणाचं दुसरं कारण. आपण सकाळी कापलेलं मटण दुपारी तव्यावर टाकतो. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि साधारण एक दिवसाने पुन्हा ढिले पडतात. रश्श्यात ते खपून जातं, कारण तो तास-दीड तास शिजतो. तव्यावरच्या आठ-दहा मिनिटांत नाही खपत. म्हणून चाप आदल्या दिवशी आणा आणि उन्हाळ्यात वाटेत कुठे थांबू नका, आपल्या वैशाखात मटण बाहेर राहिलं की गेलंच. घरी आल्यावर फडक्याने पुसून अर्ध्या किलोला एक सपाट चहाचा चमचा मीठ चोळा आणि स्टीलच्या ताटात, झाकण न ठेवता, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. मीठ आत मुरतं आणि वरचा भाग कोरडा होतो. ओल्या मटणाला तव्यावर रंग येत नाही, ते नुसतं वाफवलं जातं.

कच्च्या पपईचं विचाराल तर, शहादा-नंदुरबारकडे पपईचे मळेच आहेत, मिळायला अडचण नाही. पण चापाला तिची गरज नाही. रानेचे, म्हणजे मांडीचे, तुकडे करणार असाल तर अर्ध्या किलोला एक चमचा वाटण, तेही अर्धा-पाऊण तासच. जास्त ठेवलं की वरून पिठूळ लगदा होतो.

तवा बिडाचा घ्या, जाड. नॉनस्टिक नको. तवा चांगला तापला की थोडं शेंगदाणा तेल टाका आणि चाप आधी चरबीच्या कडेवर उभे धरा, ती चरबी सुटू द्या. मग आडवे टाका आणि दर मिनिटाला उलटत राहा, जाडीप्रमाणे आठ-नऊ मिनिटं लागतात. मसाला आत्ता नाही! तिखट आणि काळा मसाला तापल्या तव्यावर करपतो आणि कडू होतो. शेवटच्या मिनिटाला आच मंद करा, चमचाभर तूप, ठेचलेला लसूण आणि चिमूटभर आपला काळा मसाला टाका आणि ते तूप चमच्याने चापांवर घालत राहा. घरभर वास सुटतो. मांसात खुपसायचा थर्मामीटर जरूर घ्या. हाडाला न टेकवता मधोमध 63 अंश सेल्सियस दिसलं की उतरवा, कमीत कमी तीन मिनिटं झाकून ठेवा, मगच कापा. लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई खाणार असेल तर 70 पर्यंत जाऊ द्या.

चाप संपले असतील तर खांदा घ्या, फक्त पद्धत बदला. मोठा तुकडा मीठ, हळद, आलं-लसूण आणि पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर दीड तास शिजवा. त्यातला चिवट पांढरा पडदा हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, घाईत ते होत नाही. त्याच पाण्यात थंड करा, बाहेर काढून पुसा, जाड काप करा, धाग्याच्या आडवे, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करा. पैशाच्या हिशेबाने मला हाच प्रकार जास्त आवडतो, कारण उरलेलं पाणी टाकायचं नसतं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला वाटून त्यात टाकला की दुसऱ्या दिवशीचा रस्सा तयार. त्याच्याबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी करा, आणि चापांबरोबरही तीच. ब्रेडपेक्षा ती या तुपाला जास्त चांगली लागते.